शिळं पाणी कोण फेकतं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी फुलंब्रीच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही; तेही सरांचंच नाव घेतात. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. निकालानंतर सर आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले, "याला शेतात घालू नका. शेताला तुम्ही पुरेसे आहात." दुसऱ्या दिवशी एसटीनं मला शहरात नेऊन कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरून घेतला. आज मी त्याच शहरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो.

पृथ्वीच्या पोटातलं सगळं संपत चाललंय, असं सर वर्गात सांगायचे. रॉकेल तर तुमच्या डोळ्यांदेखत संपेल, असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मी घरी जाऊन आईचा पेटता स्टोव्ह विझवला होता. चहा कच्चा राहिला आणि आईनं लाटणं उगारलं. पुढं रॉकेल आमच्या घरातून खरंच गेलं. पण जगातलं रॉकेल तेव्हाही शिल्लकच होतं. घरात गॅस आला, वीज टिकू लागली आणि रेशनच्या रांगेतला डबा माळ्यावर गेला. अर्थशास्त्र शिकताना मला त्याचा अर्थ लागला. एखादी वस्तू कमी पडू लागली की ती महागते, माणसं ती जपून वापरतात, तिच्या जागी दुसरं काही शोधतात. ‘सगळं संपणार’ असं सांगणारे माणसाचं हे डोकं हिशेबात धरत नाहीत. वर्गात मी हे सांगतो तेव्हा सर आठवतात आणि थोडं अपराधी वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात सर डोळे तपासायला म्हणून शहरात आमच्याकडे, हर्सूलला राहायला आले. एका सकाळी गल्लीत नळ आला. आमच्याकडे नळ रोज येत नाही, आणि मधे किती दिवस जातील ते नक्की नसतं. म्हणून "नळ आला" अशी हाक ऐकली की घरोघरी आधी एक काम होतं. टिपाडातलं, हंड्यांतलं उरलेलं पाणी ओतून द्यायचं. ते शिळं. मग ताजं भरायचं. बघता बघता गल्लीतून ओहोळ वाहू लागला. सर चष्मा लावत बाहेर आले.

"अहो ताई, काय करताय हे! चांगलं पाणी आहे!"

समोरच्या घरातल्या ताई टिपाड आडवं करत म्हणाल्या, "लई दिवसांचं झालंय, सर. त्यात अळ्या झाल्या अन् लेकराला डेंगू झाला, तर तुम्ही येता का दवाखान्यात बसायला?"

"मग एवढं भरून ठेवायचंच कशाला?"

"नाही भरलं, अन् नळ आलाच नाय, तर?"

सर माझ्याकडे वळले. "बघ. माणसाची हाव."

"सर, ही भीती आहे. नळ उद्या नक्की येणार असता तर ताईंनी दोन हंडे भरून दार लावलं असतं."

"तू त्यांचीच बाजू घेणार. आत तुझी बायको काय करतीय ते पाहिलंस का?"

बायको मोरीत हंडा पालथा करत होती. ताई मोठ्यानं हसल्या. सर मात्र हसले नाहीत.

धरणात पाणी किती आहे, हे त्या सकाळी कुणी विचारलं नव्हतं. नळ पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि त्या बेभरवशानंच चांगलं पाणी रस्त्यावर आणलं होतं. मला दिसलं ते एवढं.

सरांना वेगळं दिसलं. दिवाळीनंतर त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी पाण्यावर लिहिलेल्या पुस्तिकेचं हस्तलिखित पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: ‘प्रस्तावना तू लिहायची. आपल्या शाळेतला पोरगा प्रोफेसर झाला, हे पोरांना दिसू दे.’ वाचता वाचता एका पानावर आमची गल्ली भेटली. शहरातली एक बाई पिण्याचं पाणी रस्त्यावर ओतते आणि वर हसते, असं तिथं लिहिलं होतं. ताईंनी डेंगूबद्दल जे विचारलं, त्याचा उल्लेखच नव्हता.

मी लिहिणं लांबवत राहिलो. सरांनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मी परीक्षांचं कारण सांगितलं. मग काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. "अरे, ते रोज पोस्टमनची वाट बघत दारात बसतात. लिही की चार ओळी. तुला काय जड आहे?"

चार ओळी मी लिहिल्याही. त्यांच्याखाली सही करायला हात उठेना. शेवटी त्या फाडल्या आणि हे पत्र पाठवलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. प्रस्तावना सोबत नाही. परीक्षांचं मी खोटं सांगितलं, त्याची आधी माफी मागतो.

शिळ्या पाण्याचं पान मला मान्य नाही. त्या ताईंना मी रोज बघतो. भाजी धुतलेलं पाणी त्या तुळशीला घालतात. त्या दिवशी त्या हसल्या ते माझी फजिती बघून. मुलांना सांगायचंच असेल तर हे सांगा, की नळ नेमानं आला तर माणूस कमी साठवतो आणि कमी फेकतो. पाणी संपतंय असं ऐकलं की तो आणखी एक टिपाड विकत आणतो.

बोअर मारून मारून खालचं पाणी संपतंय, असं तुम्ही एका प्रकरणात लिहिलंय, ते मात्र मला खोडता येत नाही. जमिनीखालच्या पाण्याला भावच नाही, त्यामुळे माझं अर्थशास्त्र तिथं अडतं. शेजारी खोल गेला की आपण त्याहून खोल जातो. आमच्या वडिलांनीही तेच केलं. ते प्रकरण मी वर्गात वाचून दाखवणार आहे, आणि तेवढ्याची प्रस्तावना आजही लिहायला तयार आहे.

पण ते पान तसंच राहणार असेल तर पुस्तिकेत माझं नाव घालू नका. तुमचा शब्द मी आजवर मोडला नव्हता. रागावलात तर मी फुलंब्रीला येईन तेव्हा समोर बसवून बोला. फक्त मी फोन केला की काकूंना ‘सर घरी नाहीत’ असं सांगायला लावू नका.

आपला विद्यार्थी