काट्याच्या स्क्रीनवरचं लेबल

“मॅडम, हे पावतीवर ‘वजन हाताने भरले’ काहून छापून राहिले तुमी?”

शेठनी पावती माझ्यासमोर धरली. बाळापूर रोडवरच्या त्यांच्या जिनिंगमध्ये नव्या सॉफ्टवेअरचा डेमो चालू होता. शेजारी आमच्या अमरावतीच्या कंपनीचे मालक, विवेक सर. प्रोग्राम मी लिहिला होता, म्हणून उत्तर मलाच द्यायचं होतं.

“कारण ते हाताने भरलंय,” मी म्हटलं.

विवेक सर खोकले.

हे प्रकरण काय होतं ते सांगते. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात. शेतकऱ्याची ट्रॉली आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी. दोन वजनांतला फरक म्हणजे त्याचा कापूस. काटा जमिनीत बसवलेला. त्याचा वजन दाखवणारा डबा केबिनमध्ये, डब्यातून केबल कम्प्युटरला जोडलेली, वजन थेट स्क्रीनवर, आणि शेतकरी खिडकीतून तो आकडा बघणार. आमच्या भागाचं नाव ज्या वर्षांत पेपरात फक्त शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी यायचं, ती ही वर्षं. तेव्हा लोक घराजवळची जिनिंग सोडून इथवर यायचे, कारण इथे काटा मारत नाहीत असं सगळ्यांना माहीत होतं. काटा मारणं म्हणजे वजनात चोरी. वऱ्हाडात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

जिनिंगचं हे नाव शेठनी कमावलं नव्हतं. ते अशफाक सरांनी कमावलं होतं.

अशफाक सर अकोल्याचे. कम्प्युटर मी त्यांच्याच क्लासमध्ये शिकले. जिनिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्यांनी एकट्याने व्हीबी सिक्स या तेव्हाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं होतं. दिसायला अगदी भंगार. राखाडी खिडक्या, बारीक अक्षरं. पण वजनाच्या जागी त्यांनी लेबल ठेवलं होतं. लेबल म्हणजे स्क्रीनवरची पाटी. ती वाचता येते, तिच्यात टाइप करता येत नाही. केबलमधून येईल तेच दिसणार. मालकाने कीबोर्ड बडवला तरी आकडा हलायचा नाही.

नव्या कम्प्युटरवर तो प्रोग्राम चालेना, म्हणून तो डॉट नेट या नव्या तंत्रात न्यायचं काम आम्हाला मिळालं. याला मायग्रेशन म्हणतात. जुन्या घराचंच नवं बांधकाम करायचं, खोल्या त्याच ठेवून. जुना कोड मागायला मी अकोल्याला गेले. ज्यांचं काम आम्ही घेतलं त्यांच्याकडेच कोणत्या तोंडाने मागायचं, हे एसटीत बसल्यापासून मला खात होतं. सरांनी चहा मागवला आणि कपाटातून सीडी काढून दिली.

“घेऊन जा बेटा. सगळं बदल. फक्त ते लेबल लेबलच राहू दे.”

“का सर?”

“शेठ दर सीझनले येते माझ्याकडे. म्हणते, टाइप करायची सोय द्या. मी नाही देत. मानसाले लिहाले जागा देल्ली का तो लिहितेच.”

काम त्यांच्याकडून का गेलं ते मला तेव्हा कळलं.

मग आमच्याकडेही ती मागणी आलीच. वजनाच्या जागी टेक्स्टबॉक्स टाक, विवेक सर म्हणाले. टेक्स्टबॉक्स म्हणजे टाइप करायची चौकट. का, तर उंदीर केबल कुरतडतात, मग वजन कम्प्युटरवर येत नाही आणि फाटकापर्यंत ट्रॉल्यांची रांग लागते. अशा वेळी केबिनमधल्या काट्याच्या डब्यावरचा आकडा बघून ऑपरेटरने टाइप करायचा. तो डबा खिडकीतून दिसत नाही. कारण खोटं नव्हतं, उंदीर होतेच. मी डोकं लढवलं. चौकट दिली, पण हाताने वजन भरलं की पावतीवर तसं छापून येईल अशी सोय केली. मला वाटलं, सगळ्यांचंच भागलं.

तीच पावती आता शेठच्या हातात होती.

“केबल उंदरांनी खाल्ली, तर तसं छापायला हरकत काय शेठ?” मी विचारलं.

“हरकत काई नाही. लोकं फालतू शंका घेतात.”

“घेऊ द्या ना. केबल काही रोज तुटत नाही.”

शेठ हसले. माझ्याकडे न बघता विवेक सरांना म्हणाले, “साहेब, पोरीले जरा समजावून सांगा.”

परतताना मूर्तिजापूरच्या रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा विवेक सर म्हणाले, “वर्षा, ती ओळ काढून टाक.”

“नाही काढणार.”

“आपण सॉफ्टवेअर बनवतो. काटा कोण कसा वापरतो ते बघायला वजनमापवाले आहेत.”

“ते कशासाठी मागताहेत, तुम्हाला माहीत आहे सर.”

“माहीत आहे. आपलं ऑफिस कोणाच्या कामावर चालतं तेही माहीत आहे.”

ओळ त्यांनी स्वतःच काढली. कधीकाळी तेही चांगले प्रोग्रामर होते, त्यांना वेळ लागला नाही. माझा नुसता जळफळाट. पण बाकीचं सगळं मी लिहिलेलं, त्यामुळे सॉफ्टवेअर बसवायला आणि ऑपरेटरला शिकवायला मलाच पाठवलं. मी गेले. लोकांना सांगायचंच, असं ठरवून गेले.

केबल शाबूत होती, मी हाताने चाचपून पाहिली. तरी ऑपरेटर डब्यावरचा आकडा बघायचा आणि चौकटीत दुसराच टाइप करायचा. पहिल्याच दिवशी, माझ्या डोळ्यांदेखत. ना त्याला लाज, ना मागे उभ्या असलेल्या शेठला.

खिडकीशी एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. स्वतःचा कापूस घेऊन आलेली. तिचा दीर रिकामी ट्रॉली काट्यावरून खाली घेत होता. मी बाहेर जाऊन तिच्याजवळ उभी राहिले.

“मावशी, हा आकडा काट्याचा नाही. आत बसून टाइप करतात तो. पुन्हा मोजायला सांगा. आतला डबा दाखवा म्हणा.”

तिने स्क्रीनकडे पाहिलं. लांबून दिसावेत म्हणून आकडे मीच मोठे आणि हिरवे केले होते.

“कम्प्युटरवर आलं ना बाई?”

“आलं, पण...”

“मंग बराबरच असन. इतकी वर्सं येऊन राहिलो आमी, इथला कम्प्युटर कधी खोटं नाही बोलला. आन आता त मले चष्म्याबिगर दिसून राहिलं.”

पावती पदरात बांधून ती ट्रॉलीकडे गेली. मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला. आत गेले तर शेठनी कागदावर सही करून ठेवली होती. काम समाधानकारक.

पुढे मी राजीनामा दिला. त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

मायग्रेशनमध्ये नेहमी काहीतरी गळतं. तारखा उलटसुलट होतात, नावं अर्धी तुटतात, जुने रेकॉर्ड सापडत नाहीत. आमच्या त्या कामात काहीसुद्धा गळलं नाही. अशफाक सरांनी त्या खिडकीवर कमावलेला विश्वासही पूर्णच्या पूर्ण नव्या सॉफ्टवेअरमध्ये आला. त्याच्याच जोरावर शेठ आता काटा मारत होते.