मागच्या दाराची काच

आमच्या घरात एक विनोद वर्षानुवर्षं चालला. वहिनी गाडीजवळ आल्या की कुणीतरी ओरडायचं, "सरका, सरका, काच पडंल!" सगळे हसायचे. वहिनीही हसायच्या. तो विनोद पहिल्यांदा मी केला होता आणि तो खोटा होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गाडी दादाची आणि माझी, दोघांत घेतलेली. दादा लातूरला, मी नांदेडला. ज्याच्याकडे कार्य, त्याच्याकडे गाडी. वहिनींचं माहेर किल्लारीकडचं. लहानपणापासून त्यांचा प्रवास जीपचा. जीपचं दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही, आणि अर्धवट लागलं तर ड्रायव्हर खेकसतो. तीच सवय हाताला. आमच्या गाडीचं दारही त्या तसंच धाडकन लावायच्या. दादा कळवळायचा, "अगं, हळू! जीप हाय का ती?"

एका उन्हाळ्यात मागच्या दाराची काच खडखडायला लागली. गाडी माझ्याकडे होती. दादा फोनवर म्हणाला, "तू हात लावू नको, गॅरेजला दे." मला ते लागलं. मोबाईलवर बघून मी पंखा, मिक्सर, काय काय दुरुस्त करायचो. घरासमोर लिंबाच्या सावलीत दाराचं आतलं पॅनल काढायला बसलो. हँडलमागचे स्क्रू निघाले, मग कडेनं पट्टी घालून एकेक क्लिप उचकटली. क्लिप सुटताना तट्‌ आवाज होतो आणि दर वेळी वाटतं, मोडली. काही मोडल्याही. पॅनलच्या मागं चिकटवलेलं प्लास्टिक, त्याच्या मागं पोकळ दार. आत काच खालून दोन बोल्टांवर धरलेली असते. ते सैल करून मी काच जराशी सरकवली. परत आवळताना एक बोल्ट बोटांतून निसटला आणि दाराच्या तळाशी जाऊन पडला.

हात घातला, पोचला नाही. तेवढ्यात जेवायला हाक आली. एका बोल्टावर काच राहिलेली दिसत होती. मी पॅनल ठोकून बसवलं आणि उठलो. नंतर गाडी वळली की तो बोल्ट दारात खुळखुळायचा. मी रेडिओ मोठा करायचो.

थोड्याच दिवसांत भाचीच्या साखरपुड्याला सगळे अर्धापूरला गेलो. मंडपापाशी वहिनी उतरल्या, दार लावलं, आणि काच खळ्ळकन दाराच्या आत उतरली. दोन्हीकडचे पाहुणे बघत होते. दादानं माझ्याकडे पाहिलं. तो काय विचारणार हे मला कळलं, म्हणून मीच आधी बोललो, "वहिनी, काय ताकद म्हणावी! काच पाडली की!"

मंडप हसला. दादा वहिनींवर चिडला, "किती येळा सांगितलं तुला!"

"मी रोजच्यासारखंच लावलं व्हतं," त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

गॅरेजवाल्यानं पॅनल उघडून मला विचारलं, "साब, इसको पहले किसने खोला था?" "किसीने नहीं," मी म्हणालो.

त्या दिवसापासून वहिनींनी गाडीच्या दाराला हात लावणं सोडलं. उतरल्या की दार उघडं ठेवून बाजूला उभ्या राहायच्या, कुणीतरी लावेल म्हणून. घरातल्यांना त्याचीही गंमत. मला ते बघवत नसे, आणि मी सगळ्यांबरोबर हसायचो.

काही वर्षांनी दादा आजारी पडला. दुखणं वाढलं तेव्हा मी लातूरला आलेलो होतो, दवाखान्यात न्यायला गाडी मीच चालवत होतो. दादा मागं आडवा, डोकं वहिनींच्या मांडीवर. गाडी सुरू केली तर त्यांच्या बाजूचं दार उघडंच. दादा धापा टाकत म्हणाला, "लाव की गं." वहिनींचा हात दारापर्यंत गेला आणि मागं आला. "भाऊजी, तुम्हीच लावा."

मी उतरलो, वळसा घालून गेलो, दार लावलं. तेव्हा सांगायला हवं होतं. दादा शुद्धीत होता, त्याला ऐकू येत होतं. मी परत येऊन गाडी चालवायला बसलो. दादा पुन्हा घरी आला नाही.

गेल्या महिन्यात त्याचं वर्षश्राद्ध झालं. मी आदल्या दिवशीच लातूरला पोचलो. गाडीचं दुसरं मागचं दार आतून उघडत नव्हतं, म्हणून दुपारी पॅनल काढायला बसलो. वहिनी स्टीलची वाटी घेऊन आल्या. "इस्क्रू यात टाका. मातीत गेला तर सापडायचा न्हाई." त्या तिथंच पायरीवर बसल्या. पॅनल सुटलं, आतली पोकळी दिसली, आणि मी बोललो.

"वहिनी, ती काच तुमच्या हातानं पडली नव्हती."

बोल्ट, जेवणाची हाक, गॅरेजवाला, सगळं सांगितलं. त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊजी. मी त्याचीच वाट बघत होतो.

"यांना सांगितलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"दवाखान्यात पन न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी वाटीतले स्क्रू बोटानं एका कडेला केले. मग म्हणाल्या, "नातू झाला तव्हा त्याला न्हाऊ घालायला बाई लावली. सगळे म्हनले, आजी असताना बाई कशाला? मी भेले व्हते. म्हनलं, आपल्या हाताला अंदाज न्हाई."

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"मला एकटीला कशाला सांगायलात? ज्यांच्या म्होरं म्हनलात, त्यांच्या म्होरं सांगा."

दुसऱ्या दिवशी पंगतीत मी सांगितलं. शेजारच्या पानावरचे मामा हसले. "वहिनीच्या हातचं जेवायलास म्हनून बाजू घेतोस का रे?" मी बोल्ट कुठं असतो ते समजावू लागलो, तर हसणं वाढलंच. "बरं बाबा, तूच पाडलीस काच. खीर घे."

वहिनी भात वाढत होत्या. त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. हसण्यात हसणं मिसळून मी गप्प बसणारच होतो, खरं सांगायचं तर. मग पानावरून उठलो. श्राद्धाच्या पंगतीतून मध्येच कुणी उठत नाही, त्यामुळे सगळे एकदम शांत झाले. उष्ट्या हातानं उभा राहून मी पहिल्यापासून सांगितलं, दादानं 'हात लावू नको' म्हटलं होतं तिथपासून. या खेपेला कुणी हसलं नाही. मामा पानाकडे बघत बसले.

मी खाली बसलो. वहिनी माझं पान सोडून पुढच्या पानावर भात वाढायला गेल्या. मी मागितला नाही.