खांद्यावरची बोटं

भिंगाखाली धरलेला छापील चेहरा हळूहळू विरघळतो. डोळे, ओठ, कपाळ सारे विझतात आणि उरतात ते रांगेने मांडलेले काळे ठिपके! अस्सल छायाचित्राचं तसं नसतं. तिथे कितीही जवळ जा, सावली धुक्यासारखी अखंड पसरलेली. आयुष्यभर छपाई शिकवल्यामुळे कोणतंही चित्र दिसलं, की ते कसं उमटलं हे शोधण्याची खोड मला जडली. पण ज्याचं ते चित्र, त्याला हे कळायलाच हवं का?

भाद्रपदातल्या एका कुंद दुपारी शिळफाट्यावर कपडे शिवणारी रुबीना माझ्या दहिवलीच्या घरी आली. ओलीने डागाळलेला एक जुना फोटो तिला नीट करून हवा होता. फ्रॉकमधली लहानगी रुबीना, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे असलेले तिचे अब्बा.

"याच्यानंतर लगेच अब्बा गेले, असं अम्मी सांगायची," ती म्हणाली. "मला त्यांचा चेहरा आठवत नाय, बाई. पन हा हात आठवतो. एकटी असले की अजून खांद्यावर जानवतो."

मी भिंग सरकवलं. मुलीचे गाल, फ्रॉकची झालर, मागचा पडदा. सगळीकडे तीच अखंड, मऊ सावली. अब्बांचा चेहरा मात्र ठिपक्यांचा! छापील कागदावरचं चित्र कापून मूळ फोटोवर चिकटवलेलं, आणि त्या जोडकामाचा पुन्हा फोटो काढलेला. या मुलीशेजारी हा माणूस कधी उभाच नव्हता. मी भिंग खाली ठेवलं.

"काय झालं, बाई? खरं काय ते सांगा."

सांगितलं. तिने फोटोतल्या त्या हातावर बोट ठेवलं.

"मंग हा हात कुनाचा?"

मी पुन्हा वाकले. कोटाच्या बाहीपर्यंत ठिपकेच. पण खांद्यावरची बोटं... तिथे एकही ठिपका नव्हता. तिथे खरोखरच कुणीतरी उभं होतं, आणि त्याच्यावर अब्बा चिकटवले होते! तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं.

मी भिंग रुबीनाच्या हाती दिलं. तिने ते त्या नखावर धरलं.

"मशीनची सुई गेली होती या बोटात," ती पुटपुटली. "अम्मी हाय ही."

तिची अम्मी गेल्या वर्षी वारली. कॅमेरा दिसला की ती तोंडावर पदर ओढायची. घरात तिचा एकही फोटो नाही. लेकीला बाप मिळावा म्हणून एखादी बाई स्वतःला किती पुसून टाकते!

"आतमधे दिसंल का वं तिचा चेहरा?"

आत काही नव्हतंच. सारा एकच कागद. तरीही मी ठिपक्यांमधल्या कोऱ्या जागा धुंडाळत राहिले. पांढऱ्याशिवाय तिथे काय असणार? मी नकारार्थी मान हलवली.

रुबीनाने फोटो हातात घेतला, अब्बांच्या डोळ्यांत एकटक पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात हाक मारली, "अम्मी."