कपाटातला पासपोर्ट

"जाईल कुठे? पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे," शेठ हॉलमध्ये फोनवर हसत सांगत होते. दुबईतल्या अल कुसैस भागातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात आईला आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं. आई त्यांच्या केटरिंगमध्ये स्वयंपाकीण होती आणि सुट्टीच्या दिवशी 'घरचीच' म्हणून त्यांच्या घरीही राबायची. तिचा करार संपला होता. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये दुसरी नोकरी ठरली होती, पण सांभाळायला म्हणून घेतलेला पासपोर्ट शेठ परत देत नव्हते.

आईने गॅस बंद केला, ओढणीला हात पुसले आणि बाहेर हॉलमध्ये गेली. मीही तिच्या मागोमाग गेले.

"शेठ, करार संपला. माझा पासपोर्ट द्या."

"अहो वहिनी, आपण घरचे ना! इन्शाल्ला, बघू पुढच्या महिन्यात. दिवाळीचा फराळ कोण करणार?"

"घरची आहे म्हणून तर सांगून जातेय."

मला तिचा अभिमान वाटला. शेठ माझ्याकडे वळले. "तू शिकलेली आहेस. समजाव आईला."

त्यांच्यापुढे मी नेहमी खाली बघून इंग्रजीत एखादा शब्द पुटपुटायचे. या वेळी वर बघून मराठीत म्हणाले, "काका, पासपोर्ट मिळाल्याशिवाय आम्ही दोघी इथून हलणार नाही."