पपईच्या देठातल्या मेणबत्त्या

आमच्या डिचोलीच्या घरात मेणबत्तीचं थोटूक कुणी टाकत नाही. ती बिस्किटांच्या डब्यात जमतात. डबा भरला की आई ती वितळवते आणि परसातल्या पपईच्या पोकळ देठांत ओतते. देठाच्या खालच्या टोकाला कणीक, मधून समईची लांब वात. मेण थिजलं की देठ सोलायचा. दुकानात यासाठी साचे मिळतात, असं मी एकदा म्हटलं. "आणि पपई काय नुसती खायची?" आईने विचारलं.

परवा संध्याकाळी तिने सगळी थोटकं वितळवून देठ भरले, जनेलात, खिडकीच्या कट्ट्यावर, उभे करून ठेवले आणि लाइट गेली. देठांतलं मेण अजून पातळ होतं आणि घरात दुसरी मेणबत्ती नव्हती. माझा मोबाइल आधीच बंद पडला होता. आम्ही गॅस पेटवून त्याच्या निळ्या उजेडात एकमेकींकडे न बघता बसलो.

तेवढ्यात शेजारची काकी मेणबत्ती मागायला आली. आईने जनेलातला एक देठ उचलून तिच्या हातात दिला.

"सकाळी सोल गो, मग पेटव."

मेण सांडू नये म्हणून काकीने तो अगदी सरळ धरला आणि न्हाणीघरासाठी आणखी एक मागितला.