दुकानातली गाठ

अकरा वर्षं माझ्या आईनं एकाही बाईच्या गळ्यातलं काही गाठवलं नाही. त्याआधी नेवाशापासून घोडेगावपर्यंत कुठल्याही लग्नाला गेलं, की ती पंगतीत बसल्या बसल्या समोरच्या बायकांचे गळे न्याहाळायची आणि मला कोपरानं ढोसून सांगायची, "ती बघ, आपली गाठ."

गाठवणं हे तिच्या माहेरचं, पाटवेकरांचं काम. सोनार मंगळसूत्राच्या वाट्या घडवतो, पण काळे मणी आणि त्या वाट्या रेशमी दोऱ्यात ओवून पोत पक्की करणारा हात वेगळा लागतो. आई ओट्यावर बसायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायची, दोऱ्यावरून मेण फिरवायची आणि समोरच्या बाईशी गप्पा मारत मणी भरायची. वाट्यांच्या मागं ती जी शेवटची गाठ मारायची ती डोळ्यांना दिसायची नाही. बोट फिरवलं तर गव्हाच्या दाण्याएवढी लागायची. मला ती गाठ कधीच जमली नाही. मी बी.एड. केलं, नगरच्या शाळेत मास्तरीण झाले, आणि आईला आपली लेक शिकली याचाच जास्त आनंद झाला.

वडील शुगर फॅक्टरीत काट्यावर होते. एका सकाळी ड्युटीवर जायला बूट घालता घालता बसले ते उठलेच नाहीत. त्या दिवशी आत्यानं आईच्या गळ्यातली पोत कात्रीनं कापली. दोरा आईनंच मेण लावून ओढलेला, कात्रीला लवकर दाद देईना. आत्या रडत होती आणि कात्री चालवत होती. आई मान तिरकी करून बसली होती, कात्री नीट बसावी म्हणून. मी तिथंच उभी होते. आत्याचा हात धरायला मला दोन पावलं टाकायची होती. ती मी टाकली नाहीत.

त्यानंतर आईला कुणी काही बंदी घातली नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी बोलून करत नाहीत. महिन्याभरानं शेजारची काकू पदराला तुटलेली पोत बांधून आली. ओट्यावर बसली, चहा प्याली, पदराची गाठ दोनदा चाचपली आणि तशीच उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती नेवाशाच्या दुकानातून गाठवून आली. मग हळूहळू सगळ्याच तिकडं जाऊ लागल्या. विधवेच्या हातचा दोरा गळ्यात कोण घालणार? आईनं मण्यांचं ताट धुतलं, पुसलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

पोळ्याच्या आधी तिनं ते पुन्हा खाली घेतलं. निळे मणी, कवड्या, घुंगरं आणि लोकरीचे गोंडे आणून बैलांच्या माळा गाठवायला लागली. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात पाल टाकून बसायची. तिच्या माळा तुटत नाहीत असं नाव झालं. मी एकदा चिडून म्हणाले, "बाईच्या गळ्याला तुझा हात चालत नाही आणि बैलाच्या चालतो?" ती हसून म्हणाली, "बैल इचारत न्हाई, की मावशे, तुझा मालक हाय का गेला." मला मात्र हसू आलं नाही.

आता माझं सांगते, कारण खरं गाऱ्हाणं माझं माझ्याविरुद्धच आहे. मी बोलते छान. महिला दिनाला शाळेत माझं भाषण ठरलेलं. विधवांचं कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवाला न बोलावणं यावर मी असा काही आवाज लावते, की मुली टाळ्या वाजवतात आणि मुख्याध्यापक रुमाल काढतात. आणि माझ्या लेकीच्या लग्नाच्या खरेदीत, तिच्या सासूच्या बहिणीनं मला बाजूला घेऊन नुसतं एवढंच विचारलं, "गाठवायला कुठं टाकणार?" आणि मी पटकन म्हणाले, "नगरला. दुकानात." तिनं मान डोलावली. आईला मी सांगितलं की सोनाराकडूनच तयार आलं.

लग्नात आई मागच्या रांगेत बसली होती. लेक पाया पडायला वाकली तेव्हा मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या झाल्या होत्या. आईनं त्या सरळ केल्या. तिचा अंगठा वाट्यांच्या मागं क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, "झॅक गाठवलंय." मी मनात म्हटलं, सुटले.

लेक लग्नानंतर दक्षिण आफ्रिकेत गेली. जावई तिथं मोटारींच्या कारखान्यात आहे. समुद्राकाठचं शहर, आजूबाजूला खोसा लोकांची वस्ती. त्यांच्या भाषेच्या नावातच एक आवाज आहे, जीभ गालाच्या बाजूला लावून काढायचा. लेकीला तो काढायला दोन महिने लागले. व्हिडिओ कॉलवर तिनं आईला तो करून दाखवला तर आईनं पहिल्या फटक्यात काढला. "आगं, ह्यो तर बैल हाकायचा आवाज हाय," म्हणाली आणि पुन्हा दोनदा काढून दाखवला. गोठ्यातल्या गाईनं मान वर केली.

यंदा श्रावणात लेक महिनाभरासाठी आली. आईकडं गेलो तेव्हा आई ओट्यावर पोळ्याच्या माळांचा पसारा मांडून बसली होती. लेकीनं पिशवीतून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून तिच्या मांडीवर ठेवली. गळ्याभोवती बसणारी, खांद्यापर्यंत पसरणारी मण्यांची रुंद जाळी. बहुतेक पांढरी, कडेला निळी, आणि मागं अडकवायला शिंपल्याची गुंडी.

"माझ्या शेजारच्या खोसा आजीनं केलंय. तुझ्यासाठी," लेक म्हणाली.

त्या आजीबद्दल ती फोनवर सांगायचीच. त्यांच्याकडे म्हणे मण्यांवरून माणूस ओळखता येतो. पोरीचे वेगळे, लग्न झालेलीचे वेगळे, म्हातारीचे वेगळे. पोरी आपल्या आवडत्या पोराला स्वतः ओवून देतात आणि तो ते उघड गळ्यात घालून फिरतो. सणाला ती आजी घरातून निघायची तर अर्धा तास नुसते मणी चढवायची. गळ्यात, मनगटात, घोट्यात, डोक्याच्या फडक्यावर.

आईला यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. तिनं चष्मा लावला आणि जाळी उलटी करून पाठ बघायला लागली. चांगल्या कारागिराचं काम मागून बघतात. एकेक ओळ नखानं सरकवत गेली, दोरा कुठं वळवलाय ते शोधलं, गुंडी ओढून बघितली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हात चांगला हाय बाईचा. गाठ कुठंच दावत न्हाई."

"तिनं मला विचारलं, तुझी आजी कोण?" लेक सांगायला लागली. "म्हणजे कुठले रंग घालायचे ते ठरवायला. मी म्हटलं, आजी पण मणीच ओवते, पण आजोबा गेलेत, त्यामुळे ती काही घालत नाही. तर ती म्हणाली, माझापण नवरा गेलाय. आमच्यातही नवरा गेला की बाई मणी उतरवते. दुखवट्याचे कपडे घालते. पण दुखवटा संपला की समारंभ करून ते कपडे उतरवतात आणि बाई परत मणी घालते. म्हातारीला पांढरे शोभतात, ते पूर्वजांचे असतात. मग तिनं विचारलं, तुझ्या आजीचा दुखवटा कधी संपला?"

आई जाळी फडक्यात परत गुंडाळू लागली. "बेस हाय. ठिवते," एवढंच बोलली. घालून बघ म्हणायचं धाडस मला झालं नाही. गळ्यात कात्री फिरताना मान तिरकी करून बसलेली आई मला दिसत होती.

तेवढ्यात लेकीनं पर्समधून औषधाची एक छोटी बाटली काढली. आत काळे मणी आणि दोन सोन्याच्या वाट्या. "तिकडेच तुटलं, बसमध्ये. सगळे मणी नाही सापडले. आजी, तू गाठवून दे."

आईनं बाटली हातात घेतली नाही. तिनं लेकीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"आईला इचार तुझ्या," ती म्हणाली.

इतक्या वर्षांची भाषणं माझ्या घशाशी आली असती तर किती बरं झालं असतं! आलं ते भलतंच. जावई एवढ्या लांब, परक्या देशात, रोज एवढा मोठा रस्ता, आणि उद्या काही झालं तर... हा विचार मी केला नाही, तो आपोआप पोटात उभा राहिला. आणि माझं तोंड बोललं, "उद्या नगरला जायचंच आहे आपल्याला. तिथंच टाकू दुकानात."

"आई!" लेक ओरडली.

"व्हय, तितंच बरं," आई शांतपणे म्हणाली. मग बाटली घेऊन तिनं ती उन्हाकडे धरली आणि हलवली. तळाशी तुटक्या दोऱ्याचा तुकडा होता, एका वाटीत अडकलेला. तो तिनं बाहेर काढून बोटावर ठेवला. "हीच ती गाठ. सैल हुती. लग्नातच हाताला लागली मला. म्हटलं सांगावं, लवकर तुटंल. पर तू म्हनलीस सोनाराकडून आलंय." तिनं तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "मग म्या कशाला बोलू?"

मला तोंड लपवावंसं वाटलं. लग्नापासून ती ओळखून होती. मी खोटं बोलले ते, आणि का बोलले तेही. आणि तरी दर पोळ्याला माझ्या नवऱ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून पाठवत होती.

"भ्या वाटतं का तुला?" तिनं विचारलं. रागानं नाही. दुखतं का असं विचारावं तसं.

दुसऱ्यांदा खोटं बोलायचं माझ्यात बळ नव्हतं. "हो," मी म्हणाले. "वाटतं."

"मग ऱ्हाऊ दे."

"मला नाही वाटत!" लेक म्हणाली आणि पायऱ्यांवरून उठून तिनं आजीच्या समोर बसकण मारली. "गळा माझा आहे ना? नवरा माझा आहे ना? त्यालाच विचारून आलेय मी. तो म्हणाला, आजीकडूनच करून आण. आणि तिकडे ती आजी मला रोज विचारणार आहे, तुझ्या आजीनं काय बनवून दिलं म्हणून. मी काय सांगू? बैलाची माळ?"

आईनं माळांचा पसारा बाजूला सारला, ताट पुसलं, त्यात ओलं फडकं अंथरलं आणि मणी ओतले. कमी पडलेले काळे मणी तिच्या जुन्या डब्यात होते. एवढी वर्षं ते तिनं टाकले नव्हते. रेशमी दोरा काढला, मेण फिरवलं, आणि टोक अंगठ्याला अडकवायला वाकली तर गुडघा वळेना. दोनदा प्रयत्न केला. मग दोऱ्याचं टोक तिनं माझ्यासमोर धरलं.

"धर."

मी धरलं. "हलू नगं," ती म्हणाली. "मनी ठरत न्हाईत." मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तिचा हात भरभर चालत होता, जणू मधली अकरा वर्षं ती रोज हेच करत होती. भीती काही गेली नाही. भीती आणि लाज दोन्ही एकाच वेळी एवढी दाटून आलेली मी याआधी कधी अनुभवली नव्हती. शेवटी तिनं वाट्यांच्या मागं ती गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि लेकीचा अंगठा धरून त्या गाठीवरून फिरवला. "ही आपली," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मंगळसूत्र आईनं स्वतः लेकीला घातलं नाही. माझ्याकडे दिलं. मी लेकीच्या गळ्यात घातलं. मग लेकीनं ती पांढरी जाळी फडक्यातून काढली आणि न विचारता आजीच्या गळ्याभोवती लावून मागची गुंडी अडकवली. आईनं मान तिरकी केली. गुंडी नीट बसावी म्हणून.

पोळ्याआधीच्या बाजाराला मी रजा टाकून तिच्याबरोबर घोडेगावला गेले. फिक्या लुगड्यावर ती जाळी घालून आई पालाखाली बसली होती. एका बाईनं विचारलंच, "मावशे, ह्ये काय घातलंय?" आई म्हणाली, "एका पाटवेकरनीनं दिलंय. लांबची हाय." ती बाई जाळी बघत राहिली, मग जाता जाता दोन माळा घेऊन गेली. पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत आई निवांत होती. तिची नजर फिरत फिरत माझ्या गळ्यावर आली.

वडील गेल्यापासून माझी पोत दर वेळी नगरच्या दुकानातूनच गाठवलेली असते. गेल्या साली माझ्या नवऱ्याच्या हृदयात दोन स्टेंट टाकलेत.

"दोरा झिजलाय तुझा," आई म्हणाली. "मागनं सैल पडलाय."

"सवड झाली की बघू," मी म्हणाले आणि पदर गळ्यावरून ओढून घेतला.