सिस्टरांचं जुनं बायबल

दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर आमच्या चर्चमध्ये दर रविवारी इंग्रजी बायबल वाचायच्या, तेही जुन्या, भारदस्त भाषांतरातलं. ताठ उभ्या राहून, इंजेक्शन द्यावं तसं एकेक वचन टोचायच्या. मी शाळेत इंग्रजी शिकवणारा, म्हणून चर्चच्या कमिटीत शहाणपणा केला, "पोरांना कळत नाही. सोप्या इंग्रजीतलं नवीन आणू." ठरलं. नवीन वाचा, नाहीतर वाचन सोडा, असं सिस्टरांना सांगायलाही मलाच जुन्या जालन्यात त्यांच्या घरी धाडलं.

त्यांनी आपलं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "पोरांचं राहू द्या, सर. तुम्हाला कळतं का? सांगा बरं अर्थ."

मी तिसऱ्याच ओळीला अडकलो.

"मंग तसं बोला ना! पोरांच्या आड कशाला लपून राह्यले?"

रविवारी चर्चमध्ये वाचनाच्या स्टँडवर नवीन बायबल मांडलेलं होतं. सिस्टरांनी आपलं जुनं त्याच्यावरच ठेवून उघडलं. कमिटी माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं जाऊन पुटपुटलो, "सिस्टर, ते नवीन..."

"हाय की खाली. स्टँड ठेंगणं व्हतं, आता उंची बराबर झाली. बसा."

इतक्या मुकाट्यानं माझ्या वर्गातली पोरंही कधी बसली नाहीत.